सहावं फूल रिंगमध्ये अडकलं: पॉम्पॉन डेलियाचं एक प्रकरण

डेलियाच्या शोमध्ये मांडलेली सहा फुलांची एक फुलदाणी. सगळी एकाच जातीची, जांभळट गुलाबी, दांडे सरळ, मधला डोळा, म्हणजे मधल्या न उमललेल्या पाकळ्यांचा भाग, घट्ट मिटलेला, आणि कार्डावर परीक्षकांनी लिहिलेलं फक्त एन. ए. एस. म्हणजे नियमपत्रकात मागितलंय तसं हे नाही, त्यामुळे परीक्षणच नाही. बक्षीस हुकणं वेगळं आणि परीक्षणच न होणं वेगळं, कारण दुसऱ्यात आपण आकारात कमी पडलो की रंगात की मांडणीत ते कळायलाही मार्ग राहत नाही. ताईचं तसंच झालं. पाच फुलं माप तपासायच्या रिंगमधून व्यवस्थित गेली, सहावं अडकलं, आणि एक फूल मापात नसलं की अख्खी फुलदाणी बाद.

तिथल्या तिथे तीन-चार जणांनी तिला एकच सल्ला दिला, खत कमी कर. पॉम्पॉनच्या बाबतीत हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि मला तो कधीच पटलेला नाही, आणि पुढचा अख्खा सीझन आम्ही दोघींनी मिळून जे मोजलं, बघितलं त्यानंतर तर अजिबात पटत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय, जात निवडण्यापासून फुलदाणी मांडण्यापर्यंत.

आधी मापाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. पॉम्पॉन, म्हणजे लहान, चेंडूसारख्या गोल फुलांचा डेलिया, हा डेलियातला सगळ्यात काटेकोर वर्ग आहे. ब्रिटिश वर्गीकरणात त्याची मर्यादा 52 मिमी व्यासाची, अमेरिकन डेलिया सोसायटीत 2 इंच, म्हणजे 50.8 मिमी. हा फरक किरकोळ वाटतो पण 51.5 मिमीचं फूल एकीकडे चालतं आणि दुसरीकडे थेट वरच्या वर्गात जातं, म्हणून आपल्या शोचं नियमपत्रक कुणाच्या मापावर चालतं ते आधी वाचायचं. अमेरिकन पद्धतीत 2 इंचांच्या वर साडेतीन इंचांपर्यंत मिनिएचर बॉल आणि त्याच्याही वर बॉल. मोठ्या डेलियात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी फुलाचं रूप बिघडत नाही, इथे एक मिलिमीटरनं फूल वर्गाबाहेर जातं.

पण माप हा फक्त दरवाजा आहे, त्याच्या आत गेल्यावर खरी तुलना आकाराची. बॉल डेलियात पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या असतात, पाकळीच्या लांबीच्या निदान 75 टक्के भागात, आणि फुलाचा माथा थोडा चपटा चालतो. पॉम्पॉनमध्ये पाकळी पूर्ण लांबीभर आत वळलेली हवी, टोक बोथट किंवा गोल, आणि फूल बॉलपेक्षाही जास्त गोलाकार. पाकळ्या मळसूत्रासारख्या ओळींमध्ये बसलेल्या दिसल्या पाहिजेत. मागच्या पाकळ्या पार दांड्यापर्यंत वळून आलेल्या हव्यात, म्हणजे फूल बाजूनं बघितलं तरी गोळाच दिसला पाहिजे, वाटी दिसता कामा नये. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, ताईच्या प्रकरणाची सगळी गाठ तिथेच आहे.

तर त्या सीझनला ताईनं काय केलं होतं. जात फ्रान्झ काफ्का. ही जात पॉम्पॉन म्हणूनच विकली जाते, रंग फार गोड, फुलं भरपूर, कटफ्लॉवर म्हणून लावणाऱ्यांची आवडती. झाडं कंदांपासून वाढवलेली, अंतर चांगलं मोकळं, माती कसदार, भरपूर कंपोस्ट. शेंडा एकदाच खुडलेला, त्यामुळे झाडाला मोजक्याच मुख्य फांद्या. आणि ती आधी कित्येक वर्षं मोठे डेकोरेटिव्ह डेलिया करायची, तिथली सवय हातात होती, म्हणून प्रत्येक फांदीवर टोकाची कळी ठेवून बाजूच्या दोन्ही कळ्या लहान असतानाच काढून टाकल्या, खालचे फुटवेसुद्धा. मोठ्या फुलांसाठी हे सगळं अगदी बरोबर आहे, जायंट डेलियाला झाडावर तीन ते पाचच फुलं ठेवतात. शोच्या दोन संध्याकाळी आधी तिनं पुठ्ठ्याची 52 मिमीची रिंग करून झाडावरच सगळी फुलं तपासली, जी सहज गेली त्यांनाच दोरा बांधला, शोच्या आदल्या संध्याकाळी कापली. म्हणजे मापाकडे दुर्लक्ष झालेलं नव्हतं. तपासून नेलेलं फूल टेबलवर अडकलं, आणि म्हणूनच तिला ते इतकं लागलं.

"अगं, मी स्वतः रिंग लावून बघितली होती, मग ते फूल मोठं झालं कधी?" हाच तिचा प्रश्न होता, आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. बाकी सगळे खताबद्दल बोलत होते, ती वेळेबद्दल विचारत होती.

पुढच्या सीझनला आम्ही ते सरळ मोजून बघायचं ठरवलं. काही फुलांच्या दांड्यांना टॅग लावले आणि रंग पूर्ण दिसायला लागल्यापासून मागच्या पाकळ्या सुकेपर्यंत रोज व्हर्नियर कॅलिपरनं रुंदात रुंद भागाचा व्यास टिपला. जे दिसलं ते असं: फूल ज्या दिवशी डोळ्याला तयार वाटतं, म्हणजे समोरून गोल, मधला डोळा घट्ट, रंग ताजा, त्या दिवशी मागची बाजू अजून पूर्ण वळलेली नसते. तिथून पुढच्या दोन-तीन दिवसांत मागच्या पाकळ्या दांड्याकडे वळतात, मधल्या ओळी पूर्ण लांबीला येतात आणि फुलाची कंबर 3-4 मिमीनं रुंदावते. थंड, ढगाळ हवा असेल तर अजून थोडी जास्त, कारण अशा हवेत फूल सावकाश उमलतं आणि जास्त भरतं. कडक उन्हाळी हवेत तीच जात लवकर उमलते आणि लहान राहते. आदल्या वर्षी शोच्या आधीचे दिवस नेमके गार होते.

म्हणजे 50 मिमीला तपासलेलं फूल टेबलवर 53 ला पोचलं यात आश्चर्य काहीच नव्हतं. आणि यातून सुटायची सोपी वाट, फूल जरा कोवळं कापायचं, तीही बंद होती, कारण कोवळं फूल रिंगमधून जातं पण मागून वाटी दिसतं, गोळा पूर्ण झालेला नसतो, आणि परीक्षक फूल मागून बघतातच. पिकलेलं फूल गोल पण मापाबाहेर, कोवळं फूल मापात पण गोल नाही. या पेचातून फक्त अशीच जात बाहेर काढू शकते जिचं पूर्ण पिकलेलं फूल मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली थांबतं. म्हणून जात निवडताना विचारायचा प्रश्न "ही पॉम्पॉन आहे का" हा नसून "माझ्या वाफ्यात हिचं पिकलेलं फूल किती भरतं" हा आहे.

आम्ही आमच्यासाठी आकडा ठरवला 46 ते 48. पूर्ण पिकलेलं फूल या पट्ट्यात आलं तर हवा गार झाली तरी वर जायला जागा राहते, आणि फार लहान, म्हणजे 40 च्या आसपासचं, शक्यतो नको, कारण फुलदाणीत सहा फुलं शेजारी उभी केल्यावर लहान फूल ओळीत खड्ड्यासारखं दिसतं आणि एकसारखेपणाचे मार्क जातात. मोठं फूल बाद करतं, लहान फूल ओढून खाली आणतं.

जातींबद्दल आता जरा मनापासून लिहिते कारण माझा जीव यातच आहे. पॉम्पॉनच्या इतिहासात ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन विल्यम्स हे नाव फार मोठं. त्यांच्या जातींच्या नावात विलो हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, विलोज व्हायोलेट, विलोज सरप्राइज, लिटल विलो, पॉप विलो. विलोज व्हायोलेट 1930 च्या दशकातली आणि अजूनही लोक लावतात, एवढी वर्षं शोच्या टेबलवर टिकणं म्हणजे जातीच्या आकारात काहीतरी पक्कं आहे. याशिवाय शोवाल्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं असलेली नावं म्हणजे मूर प्लेस, गडद वाइन-जांभळा, हॉलमार्क, गुलाबी, नोरीन, गुलाबी-जांभळट, आणि स्मॉल वर्ल्ड, पांढरी. नवीन जाती दरवर्षी येतात, पण पहिल्यांदा शोसाठी लावणाऱ्यानं जुन्या नावांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्या जाती परीक्षकांच्या डोळ्यात बसलेल्या असतात आणि चांगला मूर प्लेस कसा दिसतो हे टेबलवरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

आम्ही चार जाती शेजारीशेजारी लावल्या: मूर प्लेस, हॉलमार्क, स्मॉल वर्ल्ड आणि तुलनेसाठी तीच जुनी फ्रान्झ काफ्का. सगळ्यांना एकच माती, एकच पाणी, एकच खत. ताईच्या वाफ्यात फ्रान्झ काफ्काची चांगली भरलेली फुलं पुन्हा मर्यादेच्या आसपासच घुटमळली, काही आत, काही बाहेर. बागेसाठी आणि घरातल्या फुलदाणीसाठी ती सुंदर जात आहे आणि दुसऱ्या कुणाच्या हवेत मापात राहतही असेल, पण तिच्यासाठी ती जुगार होती. मूर प्लेस सगळ्यात समजूतदार निघाली, पिकलेली फुलं बहुतेक 45 ते 48 मध्ये. हॉलमार्कचा आकार अप्रतिम पण सुरुवातीची फुलं जरा मोठी, दुसऱ्या बहरापासून मापात. स्मॉल वर्ल्डचं माप उत्तम, फक्त पांढऱ्या फुलावर पावसाचा थेंब, किड्याचा ओरखडा, हाताळल्याचा डाग, सगळं दिसतं, त्यामुळे ती लावायची तर शोच्या आधी फुलांवर छत्रीसारखं काहीतरी धरायची तयारी हवी. एकाच जातीवर भिस्त ठेवू नका एवढंच म्हणेन, दोन रंग हाताशी असले की हवामान एकाला मारतं तेव्हा दुसरी जात उभी असते.

अजून एक गोष्ट जी नावावर भरवसा ठेवणाऱ्यांना पटत नाही. एकाच जातीची सगळी झाडं सारखी नसतात. बागेतला डेलिया ऑक्टोप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे आठ संच, एकूण 64, त्यामुळे बियांपासून आलेलं रोप आईसारखं येत नाहीच, आणि कंद-कटिंगनं वाढवलेल्या जातीतही अधूनमधून एखाद्या फांदीचा रंग किंवा फुलाचा भरणा बदललेला दिसतो. त्यात विषाणूनं दबलेलं झाड वेगळंच वागतं. त्यामुळे मूर प्लेस म्हणून आणलेल्या झाडांपैकीसुद्धा कुठलं झाड एकसारखं मापात फुलं देतंय ते टॅग लावून ठेवायचं आणि पुढच्या वर्षीची कटिंग्ज त्याच कंदावरून घ्यायची. अनुभवी लोक स्टॉक चांगला आहे म्हणतात ते यालाच.

लावणीसाठी आम्ही कंदाऐवजी कटिंगवर गेलो. कंद उबेत ठेवून कोंब चार बोटं उंच झाला की खालच्या गाठीपाशी कापून रुजवायचा, एवढंच. कंदावरून थेट वाढलेलं झाड सुरुवातीला जोरात धावतं आणि जाड, राठ होतं, कटिंगचं झाड आटोपशीर आणि सगळी सारखी वाढतात, शोसाठी सहा सारखी फुलं एकाच आठवड्यात हवी असतात तेव्हा हे सारखेपण फार उपयोगी पडतं. अंतर 60 सेमी. आधारासाठी लावणीच्या वेळेलाच काठ्या, नंतर ठोकल्या तर कंद फुटतात.

आता खताचा मुद्दा. फुलाचं माप कमी करायला उपाशी ठेवणं आणि माप कमी करायला काम वाढवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ताईला सल्ला देणाऱ्यांचा मान ठेवून आम्ही एका झाडाचं खत खरंच जवळपास बंद केलं. फुलं लहान आली हे खरं. पण पाकळ्या पातळ, रंग धुतल्यासारखा, मधला डोळा लवकर उघडून पिवळा दिसायला लागला, दांडे काडीसारखे आणि मान वाकलेली. असलं फूल रिंगमधून जातं आणि पुढे कुठेच जात नाही.

दुसऱ्या झाडांना खत नेहमीसारखं, पण फांद्या वाढवल्या. शेंडा एकदा चार-पाच पानांच्या जोड्यांवर खुडला, मग आलेल्या फुटव्यांचे शेंडे दोन जोड्यांवर पुन्हा खुडले. झाडावर दहा-बारा, पंधरापर्यंत फांद्या, आणि प्रत्येकीवर फूल. खालचे फुटवे काढायची घाई नाही. झाड तेवढीच ताकद जास्त तोंडांमध्ये वाटतं, प्रत्येक फूल लहान राहतं पण त्याची बांधणी पूर्ण असते, पाकळ्या जाड, डोळा घट्ट, रंग भरलेला. दोन्ही झाडांची फुलं शेजारी धरली तेव्हा ताई काहीच बोलली नाही, उपाशी झाडाचं खत तिनं त्याच संध्याकाळी चालू केलं.

बाजूच्या कळ्यांचं मात्र नाजूक आहे. टोकाच्या कळीला लागून दोन कळ्या येतात. त्या लवकर काढल्या तर मधलं फूल मोठं होतं, म्हणजे ताईच्या आधीच्या वर्षीचं दुसरं कारण. अजिबात काढल्या नाहीत तर त्यांचे दांडे वाढून मुख्य दांडा वेडावाकडा आणि फुलदाणीत गर्दी. आम्हाला बसलेला मध्यम मार्ग असा की मधल्या कळीला रंगाची पहिली रेघ दिसली की मगच बाजूच्या दोन काढायच्या, तोपर्यंत त्या वाटेकरी म्हणून राहू द्यायच्या. तेव्हा काढल्यावर जखम छोटी राहते, दांडा साफ मिळतो आणि फुलाचं माप फारसं फुगत नाही. फूल मोठं होताना दिसलं तर त्या दोघींना अजून काही दिवस राहू द्यायचं, लहान वाटलं तर लवकर काढायचं. म्हणजे ही एक चावी तुमच्या हातात शेवटपर्यंत राहते, आणि तीच मला पॉम्पॉनमधली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते, कारण इथे झाडाशी रोज बोलणं होतं.

खत काय दिलं तर सुरुवातीला संतुलित, कळ्या धरायला लागल्यावर नत्र कमी आणि पोटॅश जास्त. जास्त नत्रानं पानं मऊ, गडद, फुलं फोफशी होतात आणि दांड्यात दम राहत नाही. पाणी एकसारखं, कोरडं पाडून मग एकदम भरपूर असं नको. वाफ्यावर आच्छादन घातलं की हे आपोआप सांभाळलं जातं.

वेळेचं गणित जुळवायला आम्ही झाडांचे गट केले. शेंडा शेवटचा खुडल्यापासून फूल यायला लहान डेलियात साधारण 8 ते 10 आठवडे धरतात, हवामानानं पुढेमागे होतं, म्हणून सगळी झाडं एकाच दिवशी खुडायची नाहीत. एक गट शोच्या 10 आठवडे आधी, दुसरा 9, तिसरा 8. पुढे वाटाण्याएवढी कळी दिसली की तिथून फुलाला साधारण चार ते पाच आठवडे. या दोन टप्प्यांवर तारखा वहीत लिहून ठेवल्या की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तक्त्याची गरज लागत नाही, तुमच्या जागेचा तक्ता तयार होतो. फार उशिराचा शो असेल आणि दिवस लहान होत चालले असतील तर सावध राहा, लहान दिवसांत डेलिया कंद भरायला लागतो आणि फुलात पाकळ्या कमी पडून मधला डोळा लवकर उघडतो, चांगल्या जातीतसुद्धा.

किडींचं थोडक्यात. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे पाकळी उमलायच्या आधीच खरवडतात आणि गडद जातींवर फिकट रेघा राहतात, मूर प्लेसवर हे फार दिसतं, त्यामुळे कळीच्या अवस्थेतच लक्ष हवं, फूल उमलल्यावर उपाय करून त्या रेघा जात नाहीत. इअरविग, शेपटाला चिमटा असलेला तो किडा, रात्री पाकळ्या कुरतडतो, त्याच्यासाठी काठीच्या टोकावर गवत भरलेली छोटी कुंडी उलटी टांगायची आणि सकाळी झटकायची. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी. मावा दिसला तर लगेच आवरा कारण तो मोझेकसारखे विषाणू पसरवतो, आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं, खुजं झालेलं झाड कितीही आवडतं असलं तरी उपटून टाका, त्यावरून कटिंग घेतलं की रोग पुढच्या वर्षीही आला म्हणून समजा. कात्री-चाकू झाडागणिक पुसायचं.

शोच्या आठवड्यात ताईनं दोन रिंगा वापरल्या, एक 52 ची आणि एक 48 ची. झाडावर दोन दिवस आधी जे फूल 48 मधून जात होतं तेच उमेदवार, जे फक्त 52 मधून जात होतं ते कितीही सुंदर असलं तरी घरच्या फुलदाणीत. मूर प्लेसची नेमकी सगळ्यात देखणी दोन फुलं या नियमात बाहेर गेली आणि तिला ते जड गेलं, पण तिनं नियम मोडला नाही. प्रत्येक फूल मागून बघितलं: मागची शेवटची ओळ दांड्याला टेकतेय का, पाकळीची कड तपकिरी व्हायला लागली का. एखादी सुकलेली मागची पाकळी चिमटीनं काढता येते, फक्त तिथे खाच दिसता कामा नये.

कापणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दांडा तिरका कापून लगेच खोल पाण्यात, खालची पानं काढून, रात्रभर गार अंधाऱ्या जागी. लागतात सहा, नेली दहा. नेताना प्रत्येक दांडा वेगळ्या बाटलीत, बाटल्या क्रेटमध्ये घट्ट, फुलाला फूल लागू नये एवढं अंतर, कारण पॉम्पॉनची पाकळी दबली की तिचा वळसा परत येत नाही.

मांडणीत तीन ओळी, मागे तीन, मध्ये दोन, पुढे एक, उंची पायरीनं उतरती, फुलांमध्ये हवा खेळेल एवढी जागा. पॉम्पॉनची तोंडं थोडी वर असली तरी चालतात पण सगळ्यांची एकाच कोनात हवीत. दहातली सहा निवडताना ताई सगळ्यात चांगली सहा शोधत होती, मी तिला म्हटलं, एकमेकींसारखी सहा शोध. 46 ची पाच आणि एक 48 ची अतिसुंदर यापेक्षा 46 च्या आसपासची सहाही जास्त मार्क घेतात, कारण डोळा फरकावर जातो.

स्मॉल वर्ल्डची फुलदाणी तिनं मांडलीच नाही, आदल्या दिवशीच्या पावसानं दोन फुलांवर ठिपके आले होते आणि बदली फुलं कमी पडत होती. मूर प्लेसची सहाच्या सहा रिंगमधून गेली आणि दुसरा नंबर आला. परीक्षण झाल्यावर तिनं परीक्षकांना नम्रपणे विचारलं, सर, पहिल्यात आणि माझ्यात काय फरक पडला. त्यांनी फुलदाणी फिरवून पुढचं एकच फूल दाखवलं, त्याचा डोळा बाकीच्या पाचांपेक्षा किंचित सैल होता, म्हणजे ते फूल एक दिवस जास्त पिकलेलं होतं. आदल्या वर्षी कार्डावर तीन अक्षरं होती आणि यावर्षी एका फुलाच्या एका दिवसाबद्दल बोलणं झालं, माझ्या दृष्टीनं हा फरक दुसऱ्या नंबरपेक्षा मोठा आहे.

सीझन संपल्यावर टॅग लावलेल्या मूर प्लेसच्या तीन झाडांचे कंद वेगळे काढलेत, प्रत्येकावर नाव आणि त्याच्या फुलांच्या मापाचा पट्टा लिहून, आणि गार, कोरड्या, दंव न पडणाऱ्या जागी ठेवलेत. कंद वेगळे करताना खोडाच्या बुडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, असलेला तुकडा प्रत्येकासोबत राहील हे बघितलं, नुसता कंद डोळ्याशिवाय कितीही जाडजूड असला तरी उगवत नाही. हॉलमार्कची झाडंही ठेवलीत, तिला यंदा दुसऱ्यांदा खुडायला उशीर करून पहिला बहर सोडून द्यायचा आणि दुसऱ्या बहराची फुलं शोच्या आठवड्यात आणायची असा बेत आहे. फ्रान्झ काफ्का फाटकाजवळ लावायची आहे, तिथे ती हवी तेवढी मोठी होऊ दे.